बोटीवरूनच पुढच्या बोटीचा इसार



आज मी आपणांशी ज्या विषयावर बोलणार आहे, तो ऐकून आमच्या देवळ्यातील पुष्कळांना हसू येईल. नाशिक जिल्ह्यातील हे आमचे गाव समुद्रापासून पुष्कळ दूर. लोहोणेरच्या पुलावरून गिरणेचा पूर पाहावा, एवढेच आमचे जलदर्शन. अशा गावच्या एका निवृत्त शिक्षकाने आगबोटीच्या प्रवासाविषयी बोलावे, हे वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु काळ पालटला आहे. डाळिंबाचे एखादे वर्ष चांगले साधलेला बागायतदार, निवृत्तिवेतन घेणारा शिक्षक, परगावी नोकरीस असलेल्या मुलाने आग्रह करून पाठविलेले आईबाप, अशी मंडळी मुंबईच्या बंदरातून सुटणाऱ्या पर्यटनबोटींवर चढू लागली आहेत. नाशिक-पुण्याकडे तर ‘क्रूझ’ हा शब्द आता आजीबाईंच्याही तोंडी आहे. ह्या सफरीवर गेलेल्या माणसापुढे एक प्रश्न उभा राहण्याचा संभव असतो, आणि त्याचे उत्तर देण्यास त्याला फार थोडा वेळ मिळतो. तो प्रश्न असा : ही सफर अजून संपली नाही, तोच पुढच्या सफरीची जागा येथेच, ह्याच बोटीवर पैसे भरून राखून ठेवावी काय? त्याचाच आज थोडा विचार करू.

प्रथम हा व्यवहार आहे तरी कसा, ते पाहू. जगातील बहुतेक मोठ्या पर्यटनबोटींवर ह्या कामासाठी एक स्वतंत्र मेज मांडलेले असते. तेथे पुढील वर्षा-दोन वर्षांच्या सफरींची रंगीत पत्रके ठेविलेली असतात, आणि गोड बोलणारी एखादी व्यक्ती आपली वाट पाहत बसलेली असते. जागा राखण्याचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात जहाज, तारीख आणि दालन ही तिन्ही ठरवून टाकावयाची. दुसऱ्यात यांपैकी काहीच ठरवावयाचे नाही. काही रक्कम ठेव म्हणून द्यावयाची, आणि नेमून दिलेल्या मुदतीत आपल्या सोयीची सफर निवडून ती रक्कम तिच्या भाड्यात वळती करून घ्यावयाची. आपण बैल घेताना, जमीन घेताना जो इसार देतो, त्याच जातीचा हा व्यवहार होय. बोटीवर इसार देणाऱ्यास सवलतीही मिळतात. इसाराची रक्कम एरव्हीपेक्षा कमी घेतात. किंवा पुढच्या सफरीत बोटीवरच खर्च करण्यासाठी काही रक्कम आपल्या नावे जमा धरतात.

कंपनी हा उदारपणा का करते, हे समजावयास थोडे मागे गेले पाहिजे. सहलीसाठी म्हणूनच मोठी आगबोट सोडण्याच्या प्रथेचा आरंभ पुष्कळदा १८९१ सालापासून धरितात. त्या वर्षी २२ जानेवारीस ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ नावाचे जहाज जर्मनीतील कक्सहाफेन बंदरातून भूमध्यसमुद्राच्या सफरीस निघाले. त्यामागे आल्बर्ट बालिन ह्या गृहस्थाची कल्पना होती. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावर उतारूंची संख्या रोडावे आणि मोठमोठी जहाजे रिकामी पडून राहत. रिकामे जहाज म्हणजे दारात बांधलेला खाऊ बैल! तेव्हा ते उबदार समुद्रावर फिरवून आणावे, ही ती कल्पना. म्हणजे ह्या धंद्याचा जन्मच रिकाम्या दालनाच्या धास्तीतून झालेला आहे. वाण्याच्या दुकानातील साखर आज खपली नाही तर उद्या खपते. पण जहाजाने नांगर उचलला, की रिकाम्या राहिलेल्या दालनाचे त्या फेरीचे मोल समुद्रात बुडाले म्हणून समजावे. म्हणून कंपनीला गिऱ्हाईक आधीपासून हाताशी हवे असते. आणि जो प्रत्यक्ष बोटीवर बसलेला आहे, जेवून तृप्त झालेला आहे, त्याच्याहून हाताशी असलेले गिऱ्हाईक दुसरे कोणते?

कंपनीचा हेतू असा उघड आहे, म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. पुढच्या वेळेची निश्चिती आताच करून ठेवण्याची ओढ आपल्या रक्तातच आहे. गणपतीचे विसर्जन करताना डोळ्यांत पाणी असते, आणि त्याच क्षणी आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून त्याला आमंत्रण देऊन मोकळे होतो. आमच्या जवळच सप्तशृंगगड आहे. चैत्रात खानदेशातून हजारो भाविक पायी चालत गडावर येतात. पायांना फोड आलेले असतात, पण गड उतरताना देवीला हात जोडून ‘पुढल्या चैत्रात पुन्हा येऊ दे’ असेच मागणे मागतात. पंढरीच्या वारकऱ्याची तऱ्हा तर ह्याहून पुढची. गळ्यात तुळशीची माळ घातली, की वारी जन्माची ठरली. मग दरसाल विचारावयाचे कारणच उरत नाही. सुख संपत आले म्हणजे त्याला पुढच्या सुखाची गाठ मारून ठेवावी, हा मनुष्याचा स्वभाव आहे आणि तो निर्मळ आहे. फरक एवढाच, की गडावरच्या संकल्पाला इसार लागत नाही. आई जगदंबा पावती फाडीत नाही आणि मुदत संपली म्हणून नवस बुडाला असेही म्हणत नाही. बोटीवरच्या संकल्पाला मात्र पावती असते, मुदत असते आणि बारीक अक्षरांतल्या अटीही असतात.

दीड वर्षापूर्वी आम्ही काही निवृत्त शिक्षक सहकुटुंब मुंबईहून अशा एका सफरीस गेलो होतो. तिसऱ्या दिवशी सायंकाळी समुद्र शांत होता, सूर्यबिंब पाण्याला टेकत होते, आणि आमच्यापैकी तिघे-चौघे त्या मेजाभोवती जमले होते. मीही पत्रक हाती घेऊन पाहत होतो. इतक्यात आमच्या सौभाग्यवती जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “अहो, पुढच्या माघात धाकटीचे बाळंतपण आहे, आणि त्याच्या पुढल्या वर्षी नातवाची दहावी. ह्या तारखांना घरी कोण राहणार?” पत्रकावर तारखा होत्या, पण घरातले पंचांग नव्हते, ते त्यांच्याजवळ होते. माझ्या मते अशा मेजाशी जाताना घरातील हे पंचांग बरोबर न्यावे. कारण बोटीवर माणसाचे मन घरच्यासारखे नसते. तेथे स्वयंपाक करावयाचा नाही, भांडी घासावयाची नाहीत, दूधवाला नाही, वीजबिल नाही. खिशातून रोकड निघत नाही, खोलीची किल्ली म्हणून दिलेले कार्ड दाखविले की काम भागते. त्यामुळे पैसा खर्च होतो आहे ह्याची जाणीवही पातळ होते. हौसेला मोल नसते असे आपल्याकडे म्हणतात. पण त्या मेजावर हौसेचे मोलच ठरत असते, आणि ते आपण सर्वांत आनंदात असताना ठरते, एवढे लक्षात ठेवावे.

आता थोडे गणित करू. शिक्षकाची ही खोड श्रोत्यांनी सहन करावी. समजा, दोन माणसांचे भाडे ८०,००० रुपये आहे आणि त्यापैकी २०,००० रुपये इसार म्हणून आज द्यावयाचे आहेत. सफर दीड वर्षाने आहे. हीच रक्कम शेकडा ७ दराने ठेवीत ठेविली, तर दीड वर्षाचे सरळव्याज २,१०० रुपये होते. कंपनी त्याबदल्यात ५,००० रुपये बोटीवर खर्च करावयास देते असे धरू. वरकरणी २,९०० रुपयांचा लाभ दिसतो. परंतु हे ५,००० रुपये हातात यावयाचे नाहीत. ते बोटीवरच, बोटीच्या दराने संपवावे लागतात, आणि उरले तर बहुधा परतही मिळत नाहीत. शिवाय छापील भाड्यात सर्व आले असे समजू नये. बंदराचे शुल्क, कर, नोकरचाकरांची बक्षिसी आणि किनाऱ्यावर उतरून फिरावयाचा खर्च ह्यांतले काय आत आहे आणि काय बाहेर, हे विचारून घ्यावे. भाडे बहुधा दोघांनी एक दालन वापरावे ह्या हिशेबाने दिलेले असते. एकट्या माणसाला ते माणशी बरेच अधिक पडते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी गत हिशेब न करता सवलतीवर हुरळणाऱ्याची होते.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. ज्याला पुन्हा जावयाचेच आहे, ज्याच्या तारखा पक्क्या आहेत आणि ज्याला विशिष्ट दालन हवे आहे, त्याला बोटीवरचा इसार खरोखर उपयोगी पडतो. जहाजाच्या मधल्या भागातील, खालच्या मजल्यांवरील दालनांस हेलकावे कमी जाणवतात. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी तीच मागावी, आणि मागणी असेल तेथे ती लवकर भरून जातात. बोटीवर असताना ते दालन कोठे येते, जिना किती दूर, उद्वाहन किती जवळ, शेजारी यंत्रांचा आवाज येतो काय, हे स्वतःच्या पायांनी जाऊन पाहता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ह्या पाहणीचे मोल फार आहे. घरी बसून चित्रे पाहणाऱ्यास ही सोय नाही.

तरीही मनुष्याचे बेत लांबच्या तारखेवर किती टिकतात, ह्याचे एक चांगले माप आपल्या आगगाडीने दिले आहे. पूर्वी गाडीचे तिकीट १२० दिवस आधी काढता येई. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांवर आणली. त्या वेळी रेल्वेने जे कारण सांगितले ते विचार करण्यासारखे आहे. ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के तिकिटे रद्द होत, आणि आणखी ५ टक्के उतारू तिकीट रद्दही करीत नसत व प्रवासही करीत नसत. म्हणजे चार महिन्यांच्या आतल्या बेतातही चौघांत एकाचा बेत मोडतो! ही गोष्ट मामाच्या गावच्या किंवा कामाच्या प्रवासाची झाली. मग दीड-दोन वर्षांपुढच्या, हौसेच्या, समुद्रावरच्या बेताची काय कथा? त्यातून आमच्यासारख्या साठी ओलांडलेल्यांचे शरीर म्हणजे जुनी घड्याळे. चालतात ठीक, पण हमी कोणी देत नाही.

माणसाचा बेत मोडतो, तसा जहाजाचाही मोडतो. ह्याचे उदाहरण मुंबई बंदरातच घडले आहे. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली, तेव्हा कान्होजी आंग्र्यांच्या नावाची बोट म्हणून मराठी माणसाची छाती फुगली होती. पुढे एप्रिल २०१९मध्ये जलेश नावाच्या कंपनीचे ‘कर्णिका’ हे भव्य जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. हे जहाज १९९० साली बांधलेले, अनेक नावे व अनेक मालक पाहिलेले. त्यावर दोन हजारांच्या आसपास माणसे मावत. पण मार्च २०२०मध्ये महामारीमुळे जगभरच्या पर्यटनबोटी थांबल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात ही कंपनी बंद झाली, आणि ‘कर्णिका’ गुजरातच्या किनाऱ्यावर अलंग येथे तोडण्यासाठी गेली. पहिल्या फेरीपासून जहाज मोडीत निघेपर्यंत दोन वर्षेही लागली नाहीत. पुढे सप्टेंबर २०२१पासून कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ मुंबईहून फिरू लागली, तेव्हा मुंबईच्या पर्यटकांस पुन्हा मोठे जहाज दिसले. महामारीत जगातील मोठ्या कंपन्यांपैकी कित्येकांनी प्रवाशांना दोन पर्याय दिले : पैसे परत घ्या, किंवा काही अधिक रक्कम धरून ती पुढच्या सफरीस वापरा. ज्या कंपन्या टिकल्या त्यांच्या बाबतीत दुसरा पर्याय लाभाचाही ठरला असेल. पण कंपनीच टिकली नाही, तर पुढच्या सफरीची पत म्हणजे कोरडा कागद. म्हणून इसार देताना जहाजाचे वैभव जितके पाहतो, तितकीच कंपनीची टिकाऊ शक्तीही पाहावी.

आता अटींविषयी. १९९१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. वॉशिंग्टन संस्थानातील एका दांपत्याने कार्निव्हल कंपनीच्या बोटीची सफर केली. बोटीवर पत्नी घसरून पडली व जखमी झाली. त्यांनी आपल्या प्रांतात दावा लाविला. परंतु तिकिटावर छापलेल्या अटींत ‘सर्व दावे फ्लोरिडातील न्यायालयांत लावावे’ असे होते. आणि न्यायालयाने ती अट ग्राह्य धरिली. म्हणजे देशाच्या एका टोकाच्या माणसाने न्याय मागण्यास दुसऱ्या टोकास जावे! मग परदेशी बोटीवर सही करणाऱ्या देवळ्याच्या किंवा धुळ्याच्या माणसाने तक्रार घेऊन कोणत्या न्यायालयाची पायरी चढावी, हे त्या कागदात आधी वाचलेले बरे. आपल्या देशात व्यवहार झाला असेल तर आपली बाजू बरीच भक्कम आहे. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२०पासून अमलात येऊ लागला. त्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करिता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क पडत नाही. आणि १९१५ ह्या क्रमांकावर दूरध्वनी करून सल्लाही मिळतो. मात्र तक्रार पावतीवर उभी राहते, तोंडच्या शब्दावर नव्हे.

ह्या सर्वांवरून मी माझ्यापुरता एक नेम ठरविला आहे, तो आपणांपुढे ठेवितो. पुन्हा जाण्याचा संकल्प बोटीवरच करावा, खुशाल करावा. पैसे मात्र पाच गोष्टी कागदावर वाचल्याखेरीज देऊ नयेत. इसार परत मिळणारा आहे की न मिळणारा; मिळणारा असल्यास किती दिवसांत व कोणत्या रूपात. तारीख बदलता येते काय, आणि बदलल्यास भाड्यातील फरक कोणी द्यावयाचा. उरलेली रक्कम कोणत्या दिवशी भरावयाची. हा दिवस बहुधा सफरीच्या दोन-तीन महिने आधीचा असतो, आणि त्यानंतर सफर रद्द केल्यास कापली जाणारी रक्कम पायरीपायरीने वाढत जाते. चौथी गोष्ट, दोघांपैकी एक आजारी पडला किंवा न राहिला, तर दुसऱ्याचे काय. हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण आमच्या वयात तो विचारलाच पाहिजे. प्रवासाचा विमा घेताना जुन्या दुखण्यांविषयी त्यात काय लिहिले आहे तेही पाहावे. पाचवी, आपली स्वतःची कागदपत्रे. पारपत्राची मुदत प्रवासानंतर सहा महिने तरी उरलेली असावी, असा पुष्कळ देशांचा नियम आहे. लक्षद्वीपसारख्या आपल्याच बेटांवर जावयासही परवाना लागतो. ही पाच उत्तरे समाधानकारक मिळाली आणि इसार परत मिळणारा असला, तर देण्यास हरकत नाही. एकही उत्तर तोंडीच मिळत असेल, तर पत्रक घडी करून पिशवीत ठेवावे आणि घरी यावे. ‘आज रात्रीपुरतीच सवलत’ असे कोणी म्हणाल्यास, तीच सवलत घरी गेल्यावर आपल्या नेहमीच्या प्रवास-कचेरीमार्फत काही दिवस मिळेल काय, हे शांतपणे विचारावे. विचारण्यास पैसे पडत नाहीत.

आधी शिदोरी मग जेजुरी, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या सांगण्याचा अर्थ जेजुरीला जाऊ नये असा मुळीच नव्हता. घरी परत आल्यावर बँकेत एक आवर्ती ठेव उघडावी, तिचे नाव मनात ‘समुद्र’ असे ठेवावे, आणि महिन्याचे दोन-तीन हजार तीत टाकीत जावे. वर्षा-दीड वर्षाने ठेव पुरी झाली, घरातली कार्ये पार पडली, पायांत बळ राहिले, की कोणत्याही बोटीवर जागा मिळविता येईल. दालन थोडे इकडचे तिकडचे मिळेल इतकेच. आम्ही घरी असाच क्रम ठेविला आहे, आणि दर महिन्याला पासबुक उघडताना आमच्याकडे सफरीच्या गोष्टी निघतात. म्हातारपणी पुढे काही तरी वाट पाहावयाजोगे असावे, हे औषधासारखे आहे, ह्यात मला शंका नाही. माझ्या वयाचे कित्येक स्नेही केवळ अशा एखाद्या बेतामुळे सकाळी उठून फिरावयास जाऊ लागले आहेत, जिने चढण्याचा सराव करू लागले आहेत. तेव्हा पुढच्या सफरीची वाट जरूर पाहावी.

शेवटी एकच विनंती. त्या मेजाशी किती वेळ घालवावयाचा, ह्याचेही मोजमाप ठेवावे. सफरीचे दिवस मोजके असतात, त्यांचे भाडे आपण पुरते मोजलेले असते, आणि संध्याकाळचा समुद्र काही पुढच्या वर्षीसाठी राखून ठेविता येत नाही. पुढच्या बोटीचे पत्रक चाळण्यात चालू बोटीवरचा सूर्यास्त चुकविला, तर ते नुकसान कोणतीही कंपनी भरून देणार नाही. आपणां सर्वांचे प्रवास सुखाचे होवोत.